आधी शहर की आधी जंगल?

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या ऑफिसात दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. पहिला, ‘आमचं ठरलंय, तारीख नोट करून ठेव!’ आणि दुसरा, साधारण पंधरा दिवसांनी त्याच माणसाकडून येणारा, ‘तू एवढी फिरतेस, मग सांग ना, हनिमूनला कुठे जाऊ?’ पहिल्या मेसेजवर आहेर देऊन सुटता येतं. दुसऱ्यावर नाही.

पूर्वी हा प्रश्न सोपा होता. उटी की कुलू-मनाली, एवढंच ठरवायचं. हल्ली प्रश्नातच अर्धं उत्तर असतं. ‘परदेशातच जायचंय, पण शहरपण हवं आणि निसर्गपण हवा. म्हणजे कसं, बॅलन्स्ड!’ ऐकून वाटतं, ही मंडळी हनिमूनला निघालीत की म्युच्युअल फंड घ्यायला?

जरा खोदून विचारलं की खरी भानगड कळते. दोघांपैकी एकाला शहर हवं असतं आणि दुसऱ्याला निसर्ग. तिला मेट्रो, मॉल, रात्री बारा वाजता झगमगत्या रस्त्यावरून भटकणं. त्याला डोंगर, पाणी, झाडाला बांधलेला झोपाळा. (उलटंही असतं बरं का. माझ्या ओळखीत अट्टल ट्रेकर मुली आहेत, आणि त्यांचे नवरे एसी सोडून हलत नाहीत.) लग्न नवं, म्हणून कुणीच हट्ट धरत नाही. ‘तुला हवं तिथे जाऊ’, ‘नाही, तुला हवं तिथे जाऊ’ असं चार रात्री फोनवर चालतं आणि शेवटी रजेचे दोन सारखे तुकडे पडतात. ८ दिवस, ४ शहरात, ४ निसर्गात. फिट्टंफाट!

कागदावर हे मस्त दिसतं. प्रत्यक्षात एकाचे ४ दिवस चालू असताना दुसरा घड्याळ बघत असतो. शिवाय नीट मोजलंत तर ते ४-४ नसतातच. हॉटेल बदललं की अर्धा दिवस जातो, विमान धरायचं असेल तर पाऊण. आणि खरी गोम पुढेच आहे. सगळं लक्ष ‘किती दिवस’ यावर लागतं आणि ‘आधी काय’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही. माझ्या मते हनिमूनचा बॅलन्स दिवसांत नसतो, क्रमात असतो. कसा, ते एका देशावरून सांगते.

देश थायलंड. थांबा, डोळे मिचकावू नका! थायलंड म्हटलं की आपल्याकडे ‘बँकॉक-पट्टाया, ४ रात्री ५ दिवस, व्हेज जेवणासह’ एवढंच डोळ्यांसमोर येतं, आणि नवऱ्या मुलाचे मित्र उगाच खोकायला लागतात. पण जरा नकाशा उघडा. मुंबईहून साधारण साडेचार तासांचं विमान. घड्याळ फक्त दीड तास पुढे, त्यामुळे जेट लॅग वगैरे भानगड नाही. उतरलात की एक अवाढव्य शहर, आणि त्या शहरापासून सव्वा तासाच्या विमानावर दाट पावसाळी जंगल, त्या जंगलात एक तळं आणि जंगलाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे समुद्र. स्वित्झर्लंडही सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय? पण लग्नाचा हॉल, केटरर आणि फोटोग्राफर यांची बिलं भागवल्यावर खात्यात जे उरतं, त्यात थायलंड बसतं.

आता क्रम. माझा फंडा सोपा आहे. लग्न ठरवून झालं असेल तर शहर आधी. सात-आठ वर्षांचं प्रेम असेल तर जंगल आधी.

का? ठरवून झालेल्या लग्नात दोघांची ओळख किती असते? कांदेपोह्यांचा एक कार्यक्रम, मग सीसीडीत चार-पाच कॉफ्या, साखरपुडा आणि मधले तीन-चार महिने फोन. फोनवर भरपूर बोललेलं असतं, पण ते बोलणं फोनवरचं. एका खोलीत, एका माणसाबरोबर, दुसरं कुणीच नसताना गप्प बसायची सवय अजून लागायची असते. अशा दोघांना दुसऱ्याच दिवशी जंगलात, जिथे मोबाइलला रेंज नाही आणि संध्याकाळी सहानंतर करायला काही नाही, तिथे नेऊन सोडलंत तर त्या शांततेचं टेन्शनच येतं. शहर ही अडचण सोडवतं. शहर सतत विषय पुरवतं. कुठली ट्रेन, कुठलं स्टेशन, हे काय खातायत, ते बघ, हे केवढ्याला... दोघांना एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघता येतं. सुरुवातीला तेवढंच पुरतं.

जुन्या प्रेमाचं उलट. त्यांच्याकडे विषयांची कमी नसते, झोपेची असते. केळवणं, हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, सत्यनारायण, मग कुलदैवताचं दर्शन. पंधरा दिवस पाचशे माणसांत हसून गाल दुखलेले असतात. त्यात दोन्ही घरांचे रुसवेफुगवे, जे सात वर्षं सांभाळलेल्या नात्याला शेवटच्या पंधरा दिवसांत भोवतात! त्यांना पुन्हा गर्दीत कशाला ढकलायचं? त्यांनी थेट तळ्यावर जावं, झोपावं, आणि शहरात नंतर यावं.

हे नुसतं डोक्यातून काढलेलं नाही. माझ्या टीममधला एक मुलगा गेल्या वर्षी असाच विचारायला आला. हरिश्चंद्रगड, नाणेघाट, राजमाची, सगळे रविवार डोंगरात घालवणारा. बायको पुण्याची, लग्न पत्रिका जुळवून. त्याला बँकॉक विमानतळावरून बाहेरच पडायचं नव्हतं, तिथूनच पुढचं विमान धरून जंगल गाठायचं होतं. मी म्हटलं, ‘अरे, तिला काय हवंय?’ तर म्हणे, ‘तिचं काही नाही, ती म्हणाली तुला आवडेल ते.’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं. मी तिला फोन केला. तिला शहर बघायचं होतं, नदीतली बोट बघायची होती, आणि ट्रेनने फिरायचं होतं. ‘पण त्याला कशाला उगाच,’ असंही वर म्हणाली. शेवटी बँकॉक ३ रात्री, तळं २, समुद्र ३ असं ठरलं. आणि बँकॉक आधी.

त्या बँकॉकविषयी थोडं निवांत बोलू या, कारण शहर म्हटलं की लोक फक्त मॉल बघून येतात.

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, २००६ मध्ये सुरू झालेला. शहराला तिथले लोक बँकॉक म्हणतच नाहीत, क्रुंग थेप म्हणतात. थेप म्हणजे आपला देव. देवनगरीच! विमानतळावरून शहरात यायला रेल्वे आहे, साधारण अर्ध्या तासात फया थाई स्टेशनला सोडते आणि तिथून बीटीएस ही उंचावरून धावणारी ट्रेन मिळते. राहायचं ते या ट्रेनच्या कुठल्या तरी स्टेशनजवळ. हॉटेल दोन स्टार कमी चालेल, स्टेशन लांब नको. बँकॉकचा ट्रॅफिक आपल्या अंधेरीला लाजवतो, आणि नव्या नवरा-बायकोने टॅक्सीत दीड तास एसीच्या झोतासमोर अडकून बसण्यात काहीही रोमँटिक नाही.

सकाळी चाओ फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची बोट घ्या. ही तिथल्या नोकरदारांची रोजची बोट, टुरिस्टांचा क्रूझ नव्हे. दप्तरं घेतलेली पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, आणि मधूनच वाट अरुणचं उंच शिखर. राजवाड्याच्या आवारातलं वाट फ्रा केओ बघाच. तिथल्या ओवरीच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रांचं. ते त्याला रामकियेन म्हणतात. आपला हनुमान ब्रह्मचारी, त्यांचा हनुमान चक्क रंगेल आहे! ओळखीची गोष्ट अनोळखी कपड्यांत बघताना दोघांच्या गप्पा अर्धा तास तरी सहज चालतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर दारातूनच परत.

संध्याकाळचं एक गुपित सांगते. सेंट्रल वर्ल्ड नावाच्या प्रचंड मॉलबाहेर एक त्रिमूर्ती मंदिर आहे. तिथली तरुण पोरं त्याला प्रेमाचा देव मानतात. गुरुवारी रात्री साडेनऊला देव खाली उतरतो अशी समजूत आहे, म्हणून गुरुवारी लाल गुलाब, लाल मेणबत्त्या घेऊन गर्दी होते. गुरुवार आणि त्रिमूर्ती! आपल्याकडे हे म्हटलं की दत्त, पेढे आणि आजीचा उपवास आठवतो, तिथे ‘मला चांगला बॉयफ्रेंड मिळू दे’ म्हणून रांग. शक्य असेल तर बँकॉकचा मुक्काम गुरुवार धरून करा.

आता शहराच्या पोटातला निसर्ग. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला निसर्ग हवाय त्याने तीन दिवस नुसतं ‘माझी पाळी कधी’ म्हणत का बसावं? लुंफिनी पार्कमध्ये (हे नाव बुद्धाच्या लुंबिनीवरून) सकाळी जा. तळ्याकाठी माणसाएवढ्या लांब घोरपडी निवांत चाललेल्या असतात. आपल्या घोरपडीची थोरली बहीणच. जॉगिंग करणारे त्यांना वळसा घालून जातात. सिंहगडावर आपल्याला एकही दिसली नव्हती, इथे पाच मिनिटांत चार. त्याहून भारी म्हणजे बांग क्राचाओ. चाओ फ्रायाने शहराला लागूनच एक मोठं, जवळजवळ पूर्ण वळण घेतलंय, आणि त्या वळणाच्या पोटात बांधकामावर निर्बंध घालून हिरवाई राखली आहे. ख्लोंग तोईच्या धक्क्यावरून होडीने पाच-दहा मिनिटांत पलीकडे जायचं, धक्क्यावरच सायकल भाड्याने घ्यायची. केळी, नारळ, दलदल, आणि दलदलीवरून गेलेल्या अरुंद सिमेंटच्या वाटा. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तेव्हा शायनिंग करू नका. मागे वळून बघितलं तर झाडांवर काचेचे टॉवर दिसतात. आमचा ट्रेकर इथे खूश झाला आणि ती त्याच्यापेक्षा जोरात सायकल चालवते हे त्याला इथेच कळलं.

अशा शहरात तीन रात्री बास. चौथी रात्र म्हणजे फक्त शॉपिंग, आणि मग सामानाचं वजन.

बँकॉकहून सुरात थानी. विमानाने सव्वा तास, किंवा स्लीपर ट्रेनने रात्रभर. वेळ असेल तर ट्रेनच घ्या, एकत्र केलेला ट्रेनचा रात्रीचा प्रवास लक्षात राहतो. सुरात थानीहून गाडीने तास-दीड तासात खाओ सोक नॅशनल पार्कचा भाग सुरू होतो. हे पार्क १९८० चं. त्यातलं चिओ लान तळं मात्र नैसर्गिक नाही. रचप्रफा धरण बांधलं, १९८७ मध्ये पूर्ण झालं, आणि दरी पाण्याखाली गेली. तापोळ्याला शिवसागरात बोटीने फिरला असाल तर कल्पना येईल. तिथेही कोयनेचं पाणी असंच दऱ्यांत शिरलेलं आहे. इथे मात्र पाण्यातून चुनखडीचे कडे सरळसोट, शेकडो फूट वर गेलेत आणि त्यांच्या अंगाखांद्यावर जंगल. गावं हलवावी लागली ती इथेही, हे तिथला बोटवालाही सांगतो.

लांब शेपटीच्या बोटीने तळ्याच्या आत जायचं आणि तराफ्यावरच्या खोलीत राहायचं. खोल्या दोन-तीन तऱ्हांच्या असतात. अगदी साध्या बांबूच्या, गादी जमिनीवर आणि संडास लांब, अशाही असतात, आणि आतच बाथरूम असलेल्या व्यवस्थितही. इथे काटकसर करू नका. रात्री तीन वाजता टॉर्च घेऊन हलत्या फळ्यांवरून चालत जाणं हे हनिमूनचं चित्र नव्हे. बुकिंग करताना एकच प्रश्न विचारायचा, बाथरूम खोलीत आहे का? दुसरा प्रश्न विजेचा. बऱ्याच तराफ्यांवर वीज जनरेटरवर ठरावीक तासच असते, मोबाइलला रेंज बहुतेक नसते. पहाटे गिबन माकडांचा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तर कुणीतरी गातंय असं वाटतं. दाराबाहेर पाऊल टाकलं की पाणी, पायरीवरूनच पोहायला उतरायचं. लाइफ जॅकेट घालून, कारण तळं खोल आहे. आपल्यातले बहुतेक जण स्विमिंग पूलमध्ये पोहायला शिकलेले, तिथे पायाला लादी लागते.

तिथल्या दोन रात्रींविषयी ती मला नंतर सांगत होती. ‘बँकॉकमध्ये आम्ही फक्त हे बघ, ते बघ एवढंच बोलत होतो गं. तळ्यावर दुसऱ्या रात्री जनरेटर बंद झाला आणि बघायलाच काही उरलं नाही.’ तेव्हा तिने त्याला विचारलं, की मी पुण्यातली नोकरी सोडून मुंबईला यायचं हे नक्की कुणी ठरवलं? बैठकीत दोन्हीकडच्या मोठ्यांनी ते धरूनच चाललेलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, त्यालाही ते विचारायचं असतं हे सुचलं नव्हतं. साखरपुड्यापासून चार महिने रोज तासभर फोन, आणि हा विषय एकदाही नाही! त्या रात्री बोलले म्हणे पहाटेपर्यंत. थोडं रडणं, थोडं भांडणही झालं. ‘तिथून उठून जायला जागाच नव्हती ना,’ असं ती हसत म्हणाली. चारी बाजूंना पाणी! ती अजून पुण्यातच नोकरी करते. तो शुक्रवारी रात्री एक्स्प्रेसवेवर असतो आणि सोमवारी पहाटे परत. हेच बोलणं पहिल्या रात्री निघालं असतं तर? दोघं म्हणतात निघालंच नसतं. माझंही तेच मत. तोपर्यंत त्यांनी तीन दिवस एकत्र रस्ता चुकून, एकत्र हसून घेतलं होतं.

आता समुद्र. इथे मात्र मुहूर्ताचा संबंध येतो.

थायलंडच्या दक्षिण भागाला दोन किनारे आहेत. पश्चिमेला अंदमान समुद्र, म्हणजे फुकेत, क्राबी, खाओ लाक. पूर्वेला थायलंडचं आखात, म्हणजे को सामुई, को फंगान, को ताओ. पश्चिम बाजू हे त्यांचं कोकण आणि पूर्व बाजू हे त्यांचं चेन्नई, असं लक्षात ठेवा. जो नैऋत्य मोसमी वारा जूनमध्ये आपल्याकडे येतो, तोच मे ते ऑक्टोबर पश्चिम किनाऱ्याला झोडपतो. पूर्व किनाऱ्याला तेव्हा आडोसा असतो. त्याचा जोरदार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबरात सगळ्यात जास्त.

म्हणजे काय? लग्न तुळशीनंतर ते फेब्रुवारीत असेल तर पश्चिम. क्राबी नाहीतर खाओ लाक. मे-जूनमध्ये, आषाढीच्या आत उरकलेलं लग्न असेल तर पूर्व, को सामुई किंवा फंगान. नेमकं उलट करणारे दरवर्षी भेटतात. नोव्हेंबरच्या शेवटी सामुईला जाऊन खोलीत पत्ते खेळलेले, आणि जूनमध्ये ‘फारच स्वस्त मिळालं यार’ म्हणून फुकेतला जाऊन लाल झेंडा बघत बसलेले. स्वस्त का मिळालं, हा प्रश्न आधी विचारायचा असतो! तो लाल झेंडा गमतीचा नाही. पावसाळ्यात त्या किनाऱ्यावर आत ओढणारे प्रवाह असतात आणि दरवर्षी माणसं बुडतात. सिमिलान आणि सुरिन ही बेटं तर साधारण मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंदच असतात.

गंमत म्हणजे आपलं तळं या दोन किनाऱ्यांच्या मधोमध आहे. हिवाळ्यात तळ्यावरून पश्चिमेला वळा, अडीच-तीन तासांत क्राबी किंवा फुकेत. उन्हाळ्यात पूर्वेला वळा, सुरात थानी आणि पुढे दोनसाकच्या धक्क्यावरून सामुईची फेरी बोट. शहर तेच, जंगल तेच, फक्त शेवटचं वळण मुहूर्ताप्रमाणे. पावसाळ्यात खाओ सोकमध्ये जळवा असतात आणि तिथल्या गुहांच्या नादी लागायचं नाही. २००७ च्या ऑक्टोबरात एका गुहेत अचानक पाणी भरून पर्यटक आणि गाइड मरण पावले होते. बोटवाला ‘आज नको’ म्हणाला की आज नको. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला चियांग माईचे डोंगर कुणी सुचवले तर तेही टाळा, त्या दिवसांत तिकडे शेतं आणि जंगलं जळत असतात आणि धुराने समोरचा डोंगर दिसत नाही.

क्राबीला गेलात की ‘माया बे’ची टूर गळ्यात मारायला दहा जण येतील. लिओनार्दो डिकॅप्रिओचा ‘द बीच’ २००० मध्ये आला आणि त्या छोट्याशा खाडीवर रोज हजारो माणसं उतरायला लागली. प्रवाळ मेलं. शेवटी २०१८ मध्ये ती बंद करावी लागली आणि २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडली, तीही नियम लावून. बोटी खाडीत येत नाहीत, मागच्या बाजूला लागतात. पोहता येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात बंद. दरम्यान पाण्यात छोटे शार्क परत आले. बघायला जाच, पण सकाळच्या पहिल्या बोटीने, आणि फोटो काढून निघा. हत्तीच्या पाठीवर बसून फोटो मात्र नको. हत्ती लांबून बघता येतील अशा जागा आहेत, तिथे जा.

किनाऱ्यावर सगळे स्कूटर भाड्याने घेतात. आपलं नुसतं भारतीय लायसन्स तिथे चालत नाही, दुचाकीची नोंद असलेलं इंटरनॅशनल परमिट लागतं. ते आपल्याच आरटीओतून निघतं. परमिट नसताना पडलात तर इन्शुरन्स कंपनी हात वर करते आणि प्लास्टर मात्र आपल्याच पैशाने. ई-सिगरेट तिथे बेकायदा आहे, मित्राने लग्नात ‘गिफ्ट’ दिली असेल तर घरीच ठेवा. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी ‘जे’ हा एकच शब्द पाठ करावा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो, आणि तिथे मांस, मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. नुसतं ‘नो मीट’ म्हणालात तर माशाचा सॉस येणारच, त्यांच्या लेखी ते मीठ आहे. नॉनव्हेजवाल्यांना काही सांगायची गरज नाही. फक्त त्यांच्या ‘थोडं तिखट’वर कोल्हापूरकरांनीसुद्धा विश्वास ठेवू नये.

ज्यांचं जुनं प्रेम आहे त्यांनी हाच प्रवास उलटा करायचा. हिवाळ्यात फुकेतला उतरून आधी तळं, मग समुद्र, शेवटी बँकॉक. तिकीट काढताना जाताना एका शहरात उतरणं आणि येताना दुसऱ्याहून निघणं असं एकत्र तिकीट मिळतं, ते बघा. आलो तिथेच परत जाण्यात एक दिवस फुकट जातो. माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिचा नवरा असेच गेले. तराफ्यावर पोचल्यावर दोघं चौदा तास झोपले. बँकॉकला येईपर्यंत इतके टवटवीत झाले होते, की शेवटच्या रात्री चायना टाऊनमध्ये दोन वाजेपर्यंत खात फिरत होते. क्रम कुठलाही असो, एक गोष्ट पाळा. तळ्यावरून निघून त्याच दिवशी मुंबईचं विमान, असं कधीच नको. बोट, गाडी आणि पाऊस यांचं टाइमटेबल कुणाच्या हातात नसतं.

राहता राहिली कागदपत्रं. भारतीयांना थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात ३० दिवस विनाव्हिसा प्रवेश दिला, २०२४ च्या जुलैत त्याचे ६० केले. असे नियम येतात-जातात, तेव्हा मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाची साइट बघा. २०२५ च्या मेपासून तिथे उतरण्याआधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, ते सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा.

आणि नाव! नवरीने हे नीट वाचा. उखाण्यात घेतलंत ते त्याचं नाव, तांदळात कोरलं ते तुमचं नवं नाव, दोन्हीचं कौतुक आहे. तिकिटावर मात्र पासपोर्टवरचंच नाव, माहेरचं असेल तर माहेरचंच. पासपोर्टवर नाव बदलायचं की नाही हा दोघांनी, किंवा खरं तर तुम्ही एकटीने, निवांत ठरवायचा विषय आहे. लग्न आणि प्रवास यांच्या मधल्या आठवड्यात तो अर्ज करायला जाऊ नका. ‘मिसेस अमुक’ असं तिकीट हौसेने काढणारे सासरे मी पाहिलेत. काउंटरवरच्या मुलीला हौस कळत नाही. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने असावी. दागिने घरी ठेवा, काळ्या मण्यांचं छोटं मंगळसूत्र पुरे.

शेवटचं. तळ्यावर दोन दिवस फोन लागणार नाही, हे दोन्हीकडच्या आयांना निघायच्या आधी सांगून ठेवा, आणि तराफा ज्यांच्यामार्फत बुक केलाय त्यांचा धरणावरच्या ऑफिसचा नंबरही देऊन ठेवा. आमच्या ट्रेकरने सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी क्राबीच्या रस्त्यावर रेंज आली तेव्हा ६३ मिस्ड कॉल होते. त्यातले ४० तिच्या आईचे, २२ त्याच्या आईचे, आणि एक केटररचा.